रॉड होल्डरच्या मागची चकती

प्रिय भाचेबुवा,



नव्या कयाकचे फोटो पोचले. ऑकलंडला राहून हौराकीच्या आखातात स्नॅपर आणि कहावाई धरायला निघालास हे झकास. दोन रॉड होल्डर बसवायचे आहेत आणि पाकिटातून आलेले चार-चार स्क्रू पुरतील का, असं विचारलंयस. पुरणार नाहीत, आठ-आठ पिळलेस तरी नाहीत. होल्डरची पकड भोकाच्या पलीकडे, होडीच्या पोटात काय आहे यावर ठरते. वरून दिसणाऱ्या स्क्रूच्या डोक्यांना त्यात फार किंमत नाही.

आधी ओढीचा हिशेब कर. समज, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, 4 किलोवर लावलाय. रॉड दोन मीटरचा, पण मासा लागल्यावर तो वाकतो, म्हणून तरफेची लांबी सव्वा मीटरच धरू. होल्डरच्या पायाची रुंदी जेमतेम 6 सेंटीमीटर. 4 गुणिले 125 भागिले 6, म्हणजे पायाची एक कड ऐंशी किलोंहून अधिक जोराने उचकटली जाते. त्या कडेला दोन स्क्रू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस किलो. ही ओढही एकसारखी नसते, झटक्याझटक्याने येते. आता हे स्क्रू कशाला धरून आहेत ते बघ. तुझी कयाक साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिइथिलीनची आहे. कवचाची जाडी साधारण 5-6 मिलीमीटर, वळणांवर कमी-जास्त. एवढ्या जाडीत स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या स्क्रूचे तीन-चार आटे बसतात. लाकडात तेवढेही कदाचित तगले असते, पण पॉलिइथिलीन मऊ, थोडं मेणचट. सतत दाब राहिला की ते हळूहळू सरकतं आणि दाबापासून अंग काढून घेतं. शिवाय ऊन-पाण्यात त्याचं प्रसरण पोलादाच्या दसपट तरी असतं. त्यामुळे आज घट्ट पिळलेला स्क्रू मासा लागण्याआधीच आपोआप सैल होत असतो. तो पुन्हा आवळायला गेलं की उरलेले आटेही मरतात.

यावर उपाय जुनाच आहे. पातळ कापडावर बटण शिवताना शिंपी मागून कापडाचा तुकडा ठेवतो, तेच इथे करायचं: आरपार बोल्ट, आत रुंद चकती आणि त्यावर नायलॉनच्या कड्याचा नट. चकतीने काय फरक पडतो ते आकड्यांतच दिसतं. 5 मिलीमीटरच्या बोल्टचा नुसता नट प्लॅस्टिकवर जेमतेम 35 चौरस मिलीमीटर टेकतो. 25 मिलीमीटर व्यासाची चकती टेकते सुमारे 470. ओढ तीच राहिली, पण ती तेरापट जागेवर पसरली, आणि सरकणाऱ्या प्लॅस्टिकशी याहून चांगला तह होत नाही. चारही बोल्टांखाली मिळून एकच पट्टी घातलीस तर आणखी उत्तम. त्यासाठी स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून घे. बहुतेकदा तोही पॉलिइथिलीनचाच असतो, म्हणजे उन्हात कवचाबरोबरच फुगेल आणि त्याच्याबरोबरच आकसेल. बोल्ट, नट, चकत्या सगळं 316 जातीच्या स्टेनलेसचं असू दे. साधं 304 खाऱ्या पाण्यात टिपक्याटिपक्यांनी खाल्लं जातं.

तू म्हणशील, मामा, आत हात पोचतो कुठे? आक्षेप खरा आहे. सिट-ऑन-टॉप कयाक म्हणजे बंद पोकळ डबा, हॅचमधून हाताच्या लांबीइतकंच काम होतं. म्हणून होल्डरची जागा ठरवतानाच हात पोचतो का हे पाहायचं. चार बोटं इकडेतिकडे सरकल्याने मासे रुसत नाहीत. अगदीच पोचत नसेल तर वेल-नट वापर. ती पितळी नट बसवलेली रबरी नळी असते. बोल्ट आवळला की ती आतल्या बाजूला फुगते आणि स्वतःच चकतीचं काम करते. आत गेल्यावर तीन पाकळ्यांनी उमलणारा रिव्हेटही मिळतो. दोन्ही पर्याय चकतीपेक्षा डावे आणि स्क्रूपेक्षा कितीतरी उजवे, कारण दोघांचीही पकड मागून आहे.

दुसरा आक्षेप गोंदाचा: भोकं पाडण्यापेक्षा चिकटवून टाकलं तर? पॉलिइथिलीनला सहसा काही चिकटत नाही, बरेचसे गोंद पॉलिइथिलीनच्या बाटल्यांतूनच विकले जातात ते उगाच नाही. त्यामुळे बोल्टभोवती लावायच्या सीलंटकडूनही चिकटण्याची अपेक्षा ठेवू नकोस. दोन पृष्ठांत दाबलं गेलं तरच ते पाणी अडवतं, आणि तो दाब सारखा ठेवतात ती चकती आणि नट. भोकातून पाणी शिरेल या भीतीचंही उत्तर हेच. गळते ती बहुधा हलणारी, सैल जोडणी. भोक मात्र हळू फिरणाऱ्या ड्रिलने, गोल आणि स्वच्छ पाड, कडा घासून घे. चिरलेल्या कडेपासूनच पुढे तडा जातो. ॲल्युमिनियमच्या लांब ट्रॅकवर होल्डर सरकवायची सोय छान आहे, पण ट्रॅकलाही शेवटी बोल्टच लागतात. 30 अंशांच्या फरकाने मीटरभर पॉलिइथिलीन चारेक मिलीमीटर वाढतं आणि तेवढंच ॲल्युमिनियम एक मिलीमीटरसुद्धा नाही, म्हणून आखूड ट्रॅक बरा.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. होल्डर इतका भक्कम केला आणि मोठा किंगफिश लागला, किंवा ट्रोलिंग करताना गळ खडकात अडकला, तर होडीच उलटेल. त्यापेक्षा होल्डर उखडलेला काय वाईट? भीती पोकळ नाही. तुमच्याकडे 75 सेंटीमीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवताच येत नाही, म्हणजे ठेवण्याजोगा लागलाच तर तो दांडगाच असणार. कुठेतरी काहीतरी सुटायला हवं हेही मान्य. पण काय सुटावं हे आपण आधी ठरवायचं. ड्रॅग सुटला तर दोरी धावते आणि पुन्हा गुंडाळता येते. दोरी तुटली तर गळ गेला. स्क्रू उपटले तर रॉड जातो, वर कवचाला चार भोकं पडतात, आणि बऱ्याच कयाकांच्या पोटात आडव्या भिंती नसल्याने आत शिरलेलं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावत होडीचा तोल घालवतं. उलटण्याच्या भीतीपोटी कमकुवत ठेवलेला होल्डर शेवटी उलटण्याच्याच वाटेवर नेतो. तेव्हा सर्वांत दुबळा ड्रॅग, त्याहून बळकट दोरी, आणि होल्डर सर्वांत बळकट. होल्डरमध्ये रॉड ठेवताना ड्रॅग हातात असतो त्यापेक्षा सैल कर, आणि रॉडला सुरक्षादोरी बांध. ती होल्डरला न बांधता होडीच्या कडीला बांध, म्हणजे होल्डर गेलाच तरी रॉड राहील.

जागेचं थोडक्यात. ड्रिल हातात घेण्याआधी होडीत बस, वल्हं मार, मागे वळून रॉड उचलायचं नाटक कर. पाण्यात पडल्यावर ज्या बाजूने पुन्हा वर चढतोस तिथे काहीही उभं नको. डेकमध्ये बुडवायचा नळीसारखा होल्डर घेतलास तर त्याचं बूड बंद आहे ना ते बघ. उघड्या बुडाच्या नळीतून प्रत्येक लाट थेट पोटात जाते. बोल्टची लांबी मोजताना पाया, कवच, पट्टी, चकती आणि नट एवढं धर. त्यापेक्षा लांब बोल्ट आत सामान ठेवताना हात सोलतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नट एकदा तपासून बघ. प्लॅस्टिक तोवर थोडं बसलेलं असतं आणि पाव वळसा पुरतो, जोर लावून कवच दाबू नकोस.

तुझा,
मामा