आमच्या ओटीवरची मास्तरकी

पालघर जिल्ह्यातल्या कळंबच्या आमच्या घरात मास्तरकी एकापाठोपाठ तिघांकडे आली. आधी आबा, मग मोठी आत्या, मग काकी. आम्ही चुलत-आते भावंडं त्यांच्या हाताखाली वाढलो. ‘अभ्यासाला बसा’ असं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही, कारण दिवेलागणीला मोठी माणसंच आधी अभ्यासाला बसलेली असत. आबा उद्याच्या पाठाचं टाचण काढत, आत्या वह्यांचा गठ्ठा सोडून बसे आणि आम्ही आपसूक त्यांच्या कडेने सरकत जात असू. अजूनही आम्ही जमलो की सुरूच्या बनातल्या उनाडक्या निघतात, निर्मळची जत्रा निघते, पण रात्र चढली की बोलणं या तिघांवर येतं. तिघांच्याही हातात नोकरीच्या मध्यावर काहीतरी नवं यंत्र आलं आणि तिघांनीही ते आपलंसं केलं. कसं केलं, हे आम्ही ओटीवर बसून पाहिलंय, म्हणून हे लिहायचं.

आबांचं यंत्र म्हणजे ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर शाळांसाठी कार्यक्रम लागत. त्या दिवशी आबा घरातला रेडिओ टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून शाळेत नेत. कार्यक्रम संपला की बटण बंद करून ते मुलांना म्हणत, “रेडिओ सांगून गेला. त्याला परत विचारता येत नाही. आता तुम्ही मला सांगा.” खरा तास तिथून सुरू व्हायचा.

त्यांची दुसरी शाळा म्हणजे गटसंमेलन. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या गावांतले शिक्षक एका शाळेत जमत. एकजण सगळ्यांसमोर नमुना पाठ घेई आणि बाकीचे त्यातलं बरंवाईट तोंडावर सांगत. आबा तिथून काहीतरी घेऊन आले नाहीत असं झालं नाही. कधी कुणाच्या टाचणाची कार्बनप्रत, कधी भूमितीची एखादी युक्ती. सायक्लोस्टाइलही ते तिथेच शिकले. मेणकागदावर लोखंडी लेखणीने प्रश्नपत्रिका कोरायची, ती यंत्रावर चढवायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. हात जड पडला तर ‘ळ’च्या पोटातला कागद निसटायचा आणि प्रत्येक प्रतीवर तिथे काळा ठिपका उमटायचा. दुसऱ्या गावचे एक गुरुजी आबांचा हात धरून दाब शिकवायला आमच्या ओटीवर येऊन बसलेले आम्हाला आठवतात. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. शिकताना आबांना संकोच वाटला नाही आणि शिकवताना त्या गुरुजींनी मोठेपणा घेतला नाही.

आत्याच्या वाट्याला टीव्ही आला, मग संगणक. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवर सकाळी मुलांचे कार्यक्रम दिसू लागले. आमच्या वयाच्या माणसाला ते आठवत नाहीत असं होणार नाही. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच आत्या मुलांना सांगून ठेवायची, कुणाकडे टीव्ही आहे, कुणी कुणाच्या घरी जाऊन बघायचं ते. ही जोडपाळी ती फळ्यावर लिहायची. टीव्ही असलेल्या घरच्या पोराला त्या दिवशी यजमानपण असे.

मग एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली. ती नसेल तर वेतनवाढ अडकेल, अशी धास्ती शिक्षकांमध्ये होती. शाळा सुटल्यावर आत्या सोपाऱ्याच्या संगणक वर्गाला जायची, एसटीने अंधारात परत यायची. माऊस ती वरवंटा धरावा तसा घट्ट धरायची. वर्गात तिला जे कळायचं नाही ते आमच्यातला नववीतला भाऊ तिला रात्री समजावून द्यायचा, आणि ती त्याला ‘सर’ म्हणायची, अगदी मनापासून. पोरांपुढे विद्यार्थी होऊन बसायला ज्या शिक्षकाची हरकत नसते, त्याला कुठलंच नवं तंत्र अडवू शकत नाही, असं आमचं ठाम मत तेव्हापासून झालंय. परिपत्रक वरून येतं. शिकणं मात्र शेजारून येतं. सभागृहात प्रोजेक्टर लावून दिलेल्या एका दिवसाच्या प्रशिक्षणातून आमच्या घरात कुणीही काही शिकल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.

काकीच्या काळात सगळं भराभर आलं. विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरल पोर्टल, मग धड्यांचं दीक्षा ॲप, मग बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड. आणि मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळाच बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं राज्याने ठरवलं, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागू लागली. पण काकीची चौथी होती, आणि चौथीच्या पोराला भागाकार टीव्हीसमोर बसून येत नाही.

तेव्हा ओटीवर जे चालायचं ते डोळ्यांसमोर आहे. फराळाचे दोन उंच डबे, त्यांच्यावर फ्रिजमधला काचेचा ट्रे आडवा, ट्रेवर फोन पालथा, कॅमेरा खाली. काचेखाली पाटी. काकी पाटीवर हळूहळू गणित मांडायची आणि पोरांना तिचा हात दिसायचा. ही युक्ती केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका बाईंनी शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो काढून पाठवली होती. काकीने तिच्यात एक सुधारणा केली: ट्रे सरकू नये म्हणून डब्यांवर ओला पंचा. दुसऱ्या दिवशी आणखी चार घरांत पंचे पसरले.

सगळ्या पोरांकडे फोन नव्हते, हे काकी एक दिवसही विसरली नाही. आठवड्यातून दोनदा ती छापलेल्या कामपत्रिका घेऊन, तोंडाला मास्क बांधून पाड्यावर जाई आणि झाडाखाली बसे. याच जिल्ह्यातल्या मोखाड्यात, दांडवळला, तेव्हा कर्ण्यावरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालली होती. शाळेने मुलांकडे जायचं, ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर पुढे कोसबाडला गेल्या आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. काकी डी.एड.ला हे वाचून आली होती. फोन हातात आल्यावरही तिने मुलांकडे जाणं सोडलं नाही, ही आम्हाला तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

त्या डिसेंबरात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी काकीने आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली. त्याच आठवड्यात तिने माणदेशात शिकवणाऱ्या आपल्या डी.एड.च्या मैत्रिणीला फोन लावला. “तुझी पोरं आणि माझी पोरं मिळून काहीतरी करू या.”

जानेवारीत ते सुरू झालं. आमच्या पोरांनी फोनवरून समुद्र दाखवला, तिकडच्यांनी ज्वारीचं रान दाखवलं, हुरडा भाजून दाखवला. तिकडच्या एका मुलीने विचारलं, “सकाळी पाणी इथवर होतं, मग आता गेलं कुठं?” समुद्राकाठी जन्मलेल्या आमच्या एकाही पोराला नीट सांगता येईना. काकीने उत्तर दिलं नाही. “घरी विचारून या,” एवढंच म्हणाली.

पोरं गेली ती शेजारच्या आजोबांकडे, ज्यांचं आयुष्य होडीवर गेलं. त्यांनी उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) समजावलं आणि हिशेबही दिला: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चौथीच्या पोरांना पाऊणपट कुठून यावी? तेव्हा घरातून आबा बाहेर आले. नव्वदीला टेकलेले, काठी धरून. त्यांनी फोनसमोर बसून दोन्ही गावांच्या पोरांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला लावली, एकं पाऊण, दुणे दीड, जुन्या चालीत. माणदेशातून आवाज अर्धा क्षण उशिरा यायचा. आबांनी ते ओळखलं आणि आपली लय तेवढी सैल केली.

मग दोघी बाईंनी मिळून एक गूगल शीट केली. एका रकान्यात तिथी आणि पाऊणकीने काढलेली वेळ, ती माणदेशातली पोरं भरायची. शेजारच्या रकान्यात वाळूत काठी रोवून प्रत्यक्ष पाहिलेली वेळ, ती कळंबची पोरं भरायची. तिसरा रकाना फरकाचा. पंधरा दिवस हे चाललं. फरक कधी दहा मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा निघाला. हिशेब चुकला की घड्याळ, की पोरं पहाटे उशिरा उठली, यावर दोन्हीकडे कडाक्याचं भांडण व्हायचं. एका पोराने मनाने आकडा भरला होता, तो दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या पोरीने पकडला. समुद्र न पाहिलेल्या पोरीने.

आबा आता नाहीत. काकी निवृत्त झाली, पण शनिवारी दुपारी केंद्रातल्या नव्या शिक्षिका अजूनही ओटीवर येतात. गेल्या पावसाळ्यात एकीने एआयकडून टाचण लिहून आणलं होतं, बाष्पीभवनाचं. स्वच्छ, मुद्देसूद. काकीने चष्मा लावून ते सबंध वाचलं आणि विचारलं, “यातलं तुझ्या पोरांनी डोळ्यांनी काय पाहिलंय?” टाचणात चहाची किटली होती, इस्त्री होती. मिठागरं नव्हती, वाळत घातलेले बोंबील नव्हते. दोघी बसून ते टाचण पुन्हा बांधत राहिल्या, अंधार पडेपर्यंत. रात्री ते ग्रुपवर गेलं. सकाळी अर्नाळ्याच्या एका बाईंनी त्यात सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, उदाहरण घातलं होतं आणि खाली विचारलं होतं, पावसाळ्यात ती सुकत नाहीत, तर हा पाठ डिसेंबरात घेऊ या का?