आभाळ पडलं ते इथं!

विदर्भातल्या माणसाने आयुष्यातली एक सकाळ लोणारला काढलीच पाहिजे! परत आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगते आहे, आणि आज लिहूनच टाकते. अंदाजे १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर, त्याच्या तळाशी हिरवंगार खारं सरोवर, काठावरून बारा महिने कोसळणारी गोड्या पाण्याची धार, आणि हे सगळं आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात! समृद्धी महामार्गाने मेहकर गाठलं की लोणार तिथून जवळच. आम्ही वडनेरहून दुपारी निघालो, वर्ध्याजवळ समृद्धीवर चढलो आणि दिवेलागणीला मुक्कामी पोचलो. भाऊ, वहिनी, आठवीतला भाचा आणि मी. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

पण आधी आमच्या मातीबद्दल. वडनेर हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर. चहूकडे काळी माती, तिच्यात पऱ्हाटी आणि तूर. ही माती आली कुठून? दगडातूनच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले, थंड झाले. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि तो झिजून झिजून झाली कापसाची काळी माती. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग याच दगडावर बसलेला आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला तुम्ही गेला असाल. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर जे गोल गोल दगड सापडतात, ते लहानपणी आम्हीही वेचले. टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, ही तिथली कथा. भूशास्त्र सांगतं की लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं भरली आणि वरचा दगड झिजल्यावर ते गोटे मोकळे झाले. म्हणजे ज्वालामुखीचं लेणं आपण अंगणात घेऊन बसलो आहोत. हे डोक्यात ठेवूनच मी लोणारला गेले होते, आणि मनात पक्कं होतं की एवढा लाव्हा जिथे, तिथलं विवर ज्वालामुखीचंच असणार.

अंधार होता तेव्हाच गाईडदादा आले. गावातलेच, पायात साधी चप्पल, खांद्याला पिशवी, हातात काठी. पहिलाच प्रश्न वहिनीला, “ताई, हयद आनली का थोडी?” वहिनीने आदल्या रात्रीच्या निरोपाप्रमाणे चिमूटभर हळद पुडीत बांधून आणली होती. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसते हसले.

शेतातून थोडं चढलो. चढ जाणवेल न जाणवेल इतकाच, कारण भोवतालच्या माळापेक्षा हा काठ वीस-तीस मीटरच उंच आहे. आणि मग जमीन संपली! काही कल्पना नसताना, एकदम, पायापुढे जमीनच नाही. समोर खोल उतरत गेलेलं गोल रान, रानाच्या मधोमध सरोवर, त्यावर धुक्याचा पातळ थर, आणि पलीकडचा काठ इतका दूर की तिथली झाडं ओळखू येत नव्हती. भादव्याचे दिवस, उतारावर हिरव्याशिवाय रंग नाही. खालून मोरांचे आवाज येत होते, एकाने केकारव केला की सबंध विवर घुमायचं. भाचा आनंदाने ओरडला आणि त्याचाही आवाज परत आला. मी खाली बसलेच. डोंगर पाहिले होते, धरणं पाहिली होती, समुद्रही पाहिला होता. पृथ्वीला पडलेला एवढा गोल खड्डा एका नजरेत कधी पाहिला नव्हता. काठापासून पाण्यापर्यंत जवळजवळ दीडशे मीटर खोल!

“आता हा दगड पाहा,” दादा म्हणाले, आणि काठाच्या कातळातले थर काठीने दाखवू लागले. विदर्भात कुठेही पाहा, लाव्ह्याचे थर आडवे, सपाट असतात. इथे मात्र ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले, उचकटलेले. आणि अगदी वर तर खालचा दगड वर आणि वरचा खाली! तव्यावरची भाकर उलथावी तसा जमिनीचा थर उलटून बाहेर पडलेला. “ज्वालामुखीनं हे होत नाही ताई,” दादा म्हणाले, “हे वरून बसलेल्या तडाख्यानं होते.”

माझ्या मनातलं ज्वालामुखीचं विवर त्या क्षणी गेलं आणि त्याच्या जागी त्याहून कितीतरी प्रचंड काहीतरी आलं. आकाशातून एक धोंडा आला होता! सेकंदाला कित्येक किलोमीटरच्या वेगाने आलेला अशनी आपल्या काळ्या दगडावर आदळला, स्वतःची वाफ झाली, आणि एवढं विवर मागे राहिलं.

हे उलगडायला मोठमोठ्या विद्वानांनाही दीडशे वर्षं लागली, आणि ती हकिकत मला विवराइतकीच आवडली. ऐन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथली नोंद केली. पुढचे अनेक भूशास्त्रज्ञ म्हणत राहिले की ज्वालामुखीच, कारण भोवती सगळा लाव्हाच. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचं साम्य दाखवलं; गंमत म्हणजे तेव्हा ते विवरही अशनीचं मानलं जात नव्हतं. मग सरोवराच्या तळात भोकं पाडली गेली. गाळाखाली चुरगाळलेला दगड लागला आणि त्यात सापडलं मॅस्केलिनाइट. दगडातल्या फेल्डस्पार या खनिजावर इतका भयंकर दाब आला की ते न वितळताच काचेसारखं झालं. असा दाब कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं आणि वाद मिटला. आणि आणखी एक ऐका! मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली! मंगळाचा दगड बेसाल्ट, चंद्रावरच्या काळ्या डागांचा दगड बेसाल्ट, आणि आपल्या विहिरीत लागतो तोही बेसाल्ट. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये उमटलेली अशनी-विवरं मोजकीच, त्यात सगळ्यात चांगलं टिकलेलं हे. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारी जगभरची माणसं लोणारला येतात.

वयाबद्दलही वाचण्यासारखं आहे. पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षं मानत. नंतर आरगॉन वायूवरून केलेल्या काळमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर गेलं. लाव्ह्याच्या ६ कोटी ६० लाखांपुढे हेही कालपरवाचंच. त्या वेळी इथला ज्वालामुखी केव्हाच विझलेला होता.

उन्हं वर आली तशी आम्ही धारेकडे वळलो. विवराच्या ईशान्य काठावर गोमुखातून पाणी येतं, कुंडात पडतं आणि तिथून खाली सरोवराकडे धावतं. देवळांच्या दगडी ओवऱ्या, पहाटेच स्नानाला आलेली माणसं, ओल्या पायऱ्यांवर लुगड्याचे पिळे, आणि मधोमध ती जाड, न तुटणारी धार! मी ओंजळ धरली. थंडगार, गोड पाणी. काठाच्या भेगाळलेल्या कातळात मुरलेलं पावसाचं पाणी झऱ्यांनी बाहेर येतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही धार चालू असते. ज्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या मला त्या धारेखालून हात काढवेना. वहिनी तर डोळे मिटून उभीच राहिली.

रामगयेच्या देवळाच्या बाजूने पायवाट उतरते. वाट निसरडी होती, दादा पुढे काठीने गवत बाजूला करत होते. सीताफळाची झाडं, कडुनिंब, चिंच, मग बाभळी, अन् प्रत्येक वळणावर हवा जरा उबदार, जरा दमट. वानरांची एक टोळी वरून चालत आमच्यासोबत आली. घोरपड दिसली, मोराचं पडलेलं पीस दिसलं. भाच्याने ते उचलायला हात पुढे केला, तर दादांनी प्रेमाने थांबवलं, “अभयारण्य हाये बाळा, इथलं इथंच राहू दे.” मग काठाशी आलो. उग्र, सडल्यासारखा वास येतो, पण दोन मिनिटांत नाक सरावतं. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चालत होते, टिबुकल्या बुडी मारत होत्या.

इथे दादांनी हळद मागितली. तळहातावर पुडी रिकामी केली, सरोवराचं चार थेंब पाणी टाकलं, आणि बोटाने कालवलं. हळद लाल झाली! गडद, कुंकवाची लाल! वहिनीच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. कुंकूही हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करत आले आहेत, हे तिला आजीकडून माहीत होतं. सरोवराचंच पाणी तसं निघेल हे कुणाला वाटलं होतं! इथलं पाणी खारं तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी, सामू साडेनऊ-दहाच्या घरातला. कारण साधं आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेतं आणि क्षार मागे ठेवतं, हजारो वर्षं. वर गोड धार, खाली खारं तळं, आणि दोन्हींत पायवाटेचंच अंतर. पूर्वी हा खार काढून साबणासाठी, काचेसाठी विकत.

असल्या पाण्यात मासा जगणं कठीण, पण जीव आहेत, आणि कसे! निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाने पाण्याला हिरवा रंग येतो. जून २०२० मध्ये हेच सरोवर एकाएकी गुलाबी झालं होतं, तुम्ही फोटो पाहिले असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा खारटपणा वाढल्यावर माजणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात नांदूर-मधमेश्वरनंतर हे दुसरं.

काठाकाठाने कमळजादेवीपर्यंत गेलो. झाडीत लपलेलं काळ्या दगडाचं देऊळ, नवरात्रात इथे यात्रा भरते. जवळच सासू-सुनेची विहीर, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी ख्याती असलेली. तिथे पारावर बसून दादांनी लवणासुराची कथा सांगितली. हा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं, ते दूर ढाकेफळच्या टेकडीवर जाऊन पडलं, आणि दैत्य मारला गेला. सरोवर म्हणजे त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. गावात दैत्यसूदनाचं अप्रतिम कोरीव देऊळ आहे ते याच विष्णूचं, परतताना तासभर तिथेही रमलो. पण मला ती कथा ऐकताना काटा आला. जमीन फुटली, तिचं झाकण उडून लांब पडलं, हे आपल्या लोकांनी कथेत किती आधी सांगून ठेवलं होतं! प्रयोगशाळा नव्हत्या, तळात भोकं पाडणारी यंत्रं नव्हती, तरी त्या जागेकडे पाहून त्यांना इथे काहीतरी जबर घडल्याचं उमगलं. गिरडच्या कथेतही दगडाकडे अशीच कुतूहलाने पाहणारी नजर आहे. या कथा आणि विज्ञान दोन्ही मुलांना एकाच बैठकीत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चढून वर आलो तेव्हा घामाने निथळत होतो आणि भाचा विचारत होता की असे खड्डे चंद्रावर किती आहेत. शाळेच्या पुस्तकातली अशनीची व्याख्या त्याने पाठ केलेली होती. प्रश्न मात्र त्याला त्या सकाळी पडला.

म्हणून वर्ध्यातल्या, हिंगणघाटातल्या, समुद्रपुरातल्या सगळ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सहली बागांना आणि जलक्रीडेच्या ठिकाणी जातच असतात, एक सहल लोणारला न्या. पावसाळा सरता सरता किंवा थंडीत न्या, उजाडण्याआधी काठावर उभे करा. गावातलाच गाईड घ्या, तोच तुम्हाला वाट, पाण्याची पातळी आणि वनखात्याचे नियम सांगेल. पायात पकड असलेले बूट, सोबत प्यायचं पाणी, आणि प्लास्टिक मुळीच नको. विवरातला एकही दगड खिशात घालून आणू नका. ज्यांना दगड दाखवायचाच असेल त्यांनी गावी परतल्यावर आपल्या विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग दाखवावा, तोही बेसाल्टच आहे. आणि हो, चिमूटभर हळद न्यायला विसरू नका.