प्राचार्यांची परीक्षा

तीस वर्षे मी एका आडगावच्या कॉलेजात हेडक्लार्कच्या खुर्चीवर काढली. तेवढ्यात चार प्राचार्य आले आणि गेले. मुलांची परीक्षा प्राध्यापक घेतात. पण प्राचार्यांची परीक्षा कोण घेतो, हा प्रश्न वाचकांना कधी पडला आहे का?

कागदोपत्री त्याला उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राचार्यांची नेमणूक पाच वर्षांची. पुढची पाच हवी असतील तर विद्यापीठाच्या समितीने त्यांचे काम जोखायचे. शिवाय १९९४ साली निघालेली ‘नॅक’ आहेच. तिच्या २०१७ च्या पद्धतीत संलग्न कॉलेजांना कारभार, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांसाठी १००० पैकी १०० गुण होते. समिती यायची म्हटली, की आमच्याकडे भिंतींना रंग लागे आणि व्हरांड्यात कुंड्या येत. (कुंड्या भाड्याच्या, हे सांगायला नकोच!)

माझी कसोटी अगदीच कारकुनी. साहेबांपुढे गेलेला कागद किती दिवसांनी हलतो?

पहिल्या दोघांविषयी न बोललेले बरे. तिसरे म्हणजे देवमाणूस. शिपायाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले. पण सहीचे नाव काढले की ‘उद्या बघू!’ शिष्यवृत्तीचे अर्ज तेव्हा नुकतेच ‘महाडीबीटी’वर गेले होते. मुलाने अर्ज भरला, कारकुनाने तपासला, तरी प्राचार्यांनी आपल्या लॉगिनमधून पुढे ढकलल्याशिवाय तो समाजकल्याण खात्याकडे जात नाही. एका वर्षी मुदत टळली तेव्हा एकोणीस अर्ज तिथेच अडकलेले. त्यांतली ऊसतोडणी कामगाराची एक मुलगी पुढल्या वर्षी कॉलेजात दिसली नाही. साहेबांना हे कळले तेव्हा ते खरोखर रडले.

चौथे आले ते घुमे. नमस्कार केला तर नुसती मान हलवीत. मात्र दहाच्या ठोक्याला लॉगिन उघडत आणि अडलेल्या अर्जांची यादी रोज फलकावर लागे. एका मुलाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते स्वतः स्कूटरवरून तहसील कचेरीत घेऊन गेले. वाटेत अवाक्षर बोलले नाहीत म्हणे! त्या वर्षी एकही अर्ज राहिला नाही. समितीपुढे मात्र त्यांना चार वाक्ये धड जुळविता आली नाहीत.

तिसऱ्यांच्या निरोपाला मांडव अपुरा पडला होता. चौथ्यांना शाल, श्रीफळ आणि बटाटेवडा. हार गळ्यातून काढता काढता त्यांनी मला हळूच विचारले, “आजची यादी लावलीत ना?”