सारखा पगार, निराळा संसार

आमचे दोन पुतणे अर्थशास्त्राचे अध्यापक. थोरला मुंबईस, धाकटा नागपुरास. दोघेहि केंद्रीय संस्थांतून नुकतेच लागलेले, दोघेहि भाड्याच्या घरांत. मूळ वेतन प्रत्येकीं 57,700 रुपये. धाकटा दरमहा घरीं पैसे पाठवितो, थोरल्याच्यानें तें होत नाहीं. म्हणून वहिनींच्या मनांत अढी बसली आहे.

न्याय करण्यापूर्वीं थोडा हिशेब पाहावा. महागाई भत्त्याचा दर अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो. तो दोन्ही शहरीं एकच. फरक काय तो घरभाडे भत्त्याचा. 2024 सालापासून मुंबईस तो मूळ वेतनाच्या 30 टक्के, नागपुरास 20 टक्के. म्हणजे 17,310 व 11,540 रुपये. मुंबईकरास अधिक मिळतात ते अवघे 5,770. तेवढ्यांत दोन्ही शहरांच्या भाड्यांतील अंतर कोठून भरून निघणार? कागदावर ज्याची प्राप्ति अधिक, त्याच्याच हातीं महिनाअखेर कमी उरतें!

वास्तव वेतन म्हणजे काय, हें थोरला विद्यार्थ्यांस नित्य शिकवितो. आईजवळ मात्र अक्षर काढीत नाहीं. मुलाच्या मायेचें माप पाठविलेल्या रकमेनें घेऊं नये. निदान आधीं त्याच्या शहराचा भाव तरी विचारावा.