‘दुभंग’ : एक संज्ञा आणि एक घर

माझ्या प्रबंधात ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ ही संज्ञा इतक्या वेळा आली आहे, की आज तो चाळताना संकोच वाटतो. साठोत्तरी कादंबरीचा नायक, महानगरी परात्मता, स्वत्वाचा लोप या साऱ्यांना मी तो एकच शब्द लावला होता. आमच्या घरात त्या शब्दाने काय केले, हे मात्र प्रबंधाबाहेर ठेवले.

माझी आत्या नाशकात आमच्याच घरी असे. एखाद्या दिवशी तिचा आवाज पालटे, ती दुसऱ्याच नावाने बोले, आणि नंतर त्यातले तिला काहीच आठवत नसे. वडील तिला वणीच्या गडावर नेत. शेजारी ‘अंगात येते’ म्हणत. पुढे आम्ही शिकलेल्या मुलांनी ‘स्किझोफ्रेनिया, म्हणजे दुभंग’ असे ठरवून टाकले.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) एम.ए.च्या वर्गाला दाखवला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, यात दुसरा शेष कुठे आहे?” प्रश्न बिनतोड होता. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. त्याच्यात दोन माणसे नाहीत. ब्लॉयलरने १९०८ मध्ये ही संज्ञा घडवली, तेव्हा त्याला विचार, भावना आदी मनोव्यापारांची परस्परांपासून झालेली फारकत अभिप्रेत होती. एका देहात अनेक अस्मिता आळीपाळीने वावरणे आणि मध्ये स्मृतीचे खंड पडणे हा वेगळा विकार. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९९४ पासून त्याचे नाव ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असे आहे. त्याच्या मुळाशी बहुधा बालपणीचा तीव्र आघात असतो. काही संस्कृतींत तो अंगात येण्याच्या रूपाने प्रकटतो, अशी नोंद २०१३ च्या आवृत्तीत आहे. मात्र सर्वमान्य धर्माचाराचा भाग असलेले अंगात येणे विकार मानू नये, हेही तेथे स्पष्ट केले आहे. ‘दुभंग’ या एका शब्दात आपण हे सारे कोंबले.

आत्याला नेमके काय होते, याचा निवाडा आता करता येणार नाही. पण आमच्या चुकीच्या नावाने एक प्रश्न कायमचा मिटवला : लहानपणी तिच्यावर काय ओढवले होते? गडावर निदान तिच्या तोंडून बोलणाऱ्या त्या दुसरीला ‘तू कोण?’ असे विचारले जाई. आम्ही तेही विचारले नाही.

‘देवराई’त शेषची बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते. आजार एकाचा, तरी त्याच्यासह जगणे साऱ्या घराला शिकावे लागते. सीनेला परिभाषा अपुरी पडते, म्हणून ती पाहत आणि ऐकत राहते. समीक्षकाला परिभाषा पुरते, हीच अडचण असावी.

हल्ली विद्यार्थ्यांच्या निबंधात ‘दुभंग’ आला, की मी समासात लिहिते : काय, कशापासून आणि केव्हा तुटले? आत्या गेली त्याला बरीच वर्षे झाली. तो प्रश्न मात्र आधी तिला विचारायचा होता.