आर्नोच्या काठचे कोल्हापूरकर

चि. छकुलीस,


तुझा निरोप काल रात्री वाचला आणि झोप उडाली. "फ्लॉरेन्सला दोनच दिवस आहेत मामा, एका छत्रीसाठी अर्धा दिवस कोण घालवणार?" असं तू लिहितेस. तू! राजाराम कॉलेजात शिकलेली, टाऊन हॉलच्या बागेत खेळून मोठी झालेली मुलगी. विचारलं होतंस एवढंच की पिसा ठेवू की सिएना. सिएना ठेव. पण राजाराम महाराजांच्या त्या स्मारक-छत्रीचा विषय असा ओळीत संपणारा नाही, म्हणून फोन न करता हे लिहायला बसलो.

कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला निघाले तेव्हा त्यांचं वय जेमतेम वीस होतं. आज तुझं आहे त्याहून कमी. दत्तक आलेले, गादीवर बसून चार वर्षं झालेली, आणि समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. तरीही ते गेले. लंडन पाहिलं, विंडसरला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहिलं, स्कॉटलंडपर्यंत जाऊन आले, आणि या सगळ्याच्या नोंदी इंग्रजीत लिहून ठेवल्या. सोबत गेलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली. छापून आली तेव्हा लिहिणारे जाऊन दोन वर्षं होत आली होती.

परतीची वाट त्यांच्या वाईटावरच होती. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडलेला. मंडळी बेल्जियम, जर्मनी, मग आल्प्स अशी इटलीकडे निघाली. नोव्हेंबरचे दिवस. महाराजांची तब्येत वाटेतच ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, बरं का. रोमला राजधानी गेली ती पुढच्या वर्षी.

आता विचार कर. परक्या मुलखात आपला राजा गेलेला, सोबतची माणसं मूठभर, आणि त्या देशात प्रेत जाळण्याची रीतच नाही. मिलानच्या स्मशानभूमीत दहनाची पहिली सोय झाली तीसुद्धा १८७६ साली. तरी सोबतच्या लोकांनी नगरपालिकेकडून परवानगी मिळवली. जागा निवडली ती शहराबाहेर, काशिने बागेच्या पार पश्चिमेच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. शास्त्राला संगम हवा होता, तो त्यांनी तिथे शोधून काढला. प्रयाग चिखलीच्या संगमावर तुला किती वेळा नेलं मी! त्या माणसांनी अनोळखी गावात, ऐन दुःखात, दोन नद्या कुठे मिळतात याची चौकशी केली असेल, ते चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चार वर्षांनी, १८७४ साली, तिथे छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. हे नाव तुला पाठ असायला हवं, कारण तुझा टाऊन हॉल मँटचा, नवा राजवाडा मँटचा, बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. ज्या हातानं तुझं लहानपण सजवलं, त्याच हाताचं काम आर्नोच्या काठी आहे, आणि तू विचारतेस की तिथे कोण जाणार. शेजारून मोठा पूल जातो, त्यालाही तिथले लोक 'इंदियानो' म्हणूनच ओळखतात.

घुमट पाहू नकोस असं मी म्हणत नाही. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ पासून उभा आहे, तो तुझी वाट पाहील आणि फोटोही चांगला येईल. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते तू माझ्याकडून शंभरदा ऐकलं आहेस. परदेशात जाताना आपल्याआधी तिथे गेलेलं एक माणूस मनाशी धरून जावं. इमारतींच्या मागे लागलं की गाव संपतच नाही आणि हाती काही लागतही नाही. माणसाच्या मागे गेलं की गाव आपोआप उलगडतं. कुठल्या घरात राहिला, कुठल्या रस्त्यानं चालत गेला, थंडीत काय पांघरत होता, हे शोधता शोधता शहराच्या अंगात शिरता येतं.

तू इंग्लंडात राहतेस, तरी अजून वाँटेजला गेली नाहीस. तिथल्या चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, सगळे तोच पाहून परततात. पण १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला, आपल्या मुलीला, घेऊन तिथल्याच जोगिणींच्या मठात उतरल्या होत्या. बरोबर आलेली आनंदीबाई भगत तिथेच गेली, तिनं स्वतःच जीव दिला. त्या धक्क्यातून उठून रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहिल्या, शिकल्या, संस्कृत शिकवलंही. चेल्टनहॅमला तू मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आलीस. कॉलेजच्या दारापर्यंत गेली होतीस का?

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ साली विकत घेतलं. मेडा व्हेलला हाऊली प्लेसमध्ये टिळकांच्या घरावर निळी पाटी आहे. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये तिथे होते, आणि खटला हरले.  

तर, काशिनेला जायचं ते असं. ट्रामनं बागेच्या थांब्यावर उतर आणि नदी सोडू नकोस. बाग लांबलचक आहे, काठाकाठानं पश्चिमेला चालत राहा, अगदी टोकापर्यंत. मंगळवारी सकाळी तिथे मोठा बाजार भरतो, गर्दी नको असेल तर तो वार टाळ. सकाळीच जा. संध्याकाळी बिलकूल नाही, ऐकतेस ना? अंधार लवकर पडतो, एवढ्या मोठ्या बागेत एकट्या मुलीनं उशिरा राहू नये. कुणी सोबत मिळालं तर उत्तम.

आणि तो खोकला. फोनवर तू हसण्यावारी नेलास, पण मी ऐकला. महाराजांसोबत अधिकारी होते, नोकरचाकर होते, तरी वाटेतलं आजारपण आवरलं नाही. तू एकटी, गाडीतून गाडीत, त्यात तुझं पातळ जाकीट. निघण्याआधी डॉक्टरला दाखव. बरं वाटत नसेल तर सिएनाही सोड आणि छत्रीही सोड, मला अजिबात राग येणार नाही. छत्री दीडशे वर्षं उभी आहे, आणखी एक हिवाळा राहील. विम्याचा कागद आणि हॉटेलांचे पत्ते मला पाठवून ठेव, आईला नको. तिला फक्त रोज रात्री एक फोन कर, गाडीत असलीस तरी.

तुझा,
मामा