केकवरची शिरोरेषा

आधीच सांगते, हा लेख वाचून कुणी माझा रूम नंबर शोधत येऊ नये. हॉस्टेलमध्ये मी केक करत नाही. रेक्टर मॅडम हे पान वाचणार आहेत म्हणून म्हणत नाहीये, खरंच करत नाही. इंडक्शन, किटली, इस्त्री सगळ्यावर बंदी, तिथे ओव्हनचं नावच नको. माझे केक होतात सोलापूरला, घरी, सुट्टीत. इथे होतो तो फक्त रियाज.

रियाज कसला? तर नक्षीचा. दुधाची प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन वाळवायची, तिचा मेंदीच्या कोनासारखा कोन करायचा, त्यात टूथपेस्ट भरायची आणि मेसच्या स्टीलच्या ताटावर फुलं, वेली, नावं काढत बसायचं. मग ताट धुऊन टाकायचं. रूममेट म्हणते, "तुझं ताट जगातलं सगळ्यात फ्रेश ताट आहे." तिची एकच तक्रार असते, की महिनाअखेरीला पेस्ट फक्त तिच्याकडेच कशी उरते.

हसू नका, यात फ्लुइड मेकॅनिक्स आहे! सेकंड इयरला बिंगहॅम प्लॅस्टिक शिकवलं तेव्हा पुस्तकात उदाहरण काय होतं? टूथपेस्ट. ठरावीक ताण पडेपर्यंत हलायचं नाही, ताण ओलांडला की वाहायचं, आणि दाब काढला की पुन्हा होतं तिथे थांबायचं. बटर आयसिंगही याच जातीचं. म्हणून तर कोनातून ते मुकाट बाहेर येतं आणि केकवर पडल्यावर पाकळी पाकळीच्या जागी राहते. पाण्यासारखं असतं तर गुलाब काढताच त्याचं तळं झालं असतं. व्हायवाला सरांनी "एनी अदर एक्झांपल?" विचारलं तेव्हा मी "केकवरचं आयसिंग, सर" म्हणून सांगितलं. सर दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "करेक्ट." त्या सेमिस्टरमधली माझी ती सर्वोच्च कामगिरी.

आता केकबद्दल. आमच्या घरी अंडं येत नाही. आजी स्वतः तर खात नाहीच, पण अंड्याचं भांडंही तिला चालत नाही. त्यामुळे मी शिकले तो बिनअंड्याचा, दह्याचा केक. दीड वाटी मैदा, एक वाटी ताजं घट्ट दही, वाटीभर साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि थोडा व्हॅनिला. चमचा म्हणजे मोजायचा छोटा चमचा, आमटीचा नव्हे! दह्यात सोडा घातला की मिनिटाभरात ते फुगायला लागतं, आम्ल आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड. तो वायू मैद्याच्या जाळीत अडकतो, उष्णतेने फुगतो, आणि तेवढ्यात जाळी शिजून घट्ट होते. सगळी मजा त्या 'तेवढ्यात'मध्ये आहे. आधी घट्ट झाली तर केक फुगत नाही आणि उशिरा झाली तर फुगलेला बसतो.

आमच्याकडे ओटीजी आला बाबांच्या बोनसनंतर. त्याआधी सगळे केक कुकरमध्ये व्हायचे. शिट्टी काढायची, झाकणाची रिंग काढायची, पाणी अजिबात नाही. तळाला जाड मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर केकचं भांडं, मंद गॅसवर पाऊण तास. (त्या मिठाचा रंग नंतर असा होतो की ते भाजीत घालायची कुणाची छाती होत नाही. पण पुढच्या केकला चालतं.)

अंडं नको हा प्रश्न फक्त आपल्याच घरांना पडला असं मला लहानपणी वाटायचं. पण इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा एक केमिस्ट होता, त्याच्या बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आज आपण डबा उघडून चमचाभर टाकतो ती पावडर एका माणसाने बायकोला पाव खाता यावा म्हणून खटपट करून शोधली. आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अजून चहाची पावडर कुठे असते ते माहीत नाही."

माझी सगळी माणसं मला एकच विचारतात, "विकत का नाहीस?" मावशी म्हणते ऑर्डरी घे. एका सीनियरने तर मला बसवून कॉस्टिंग काढून दिलं, नफा, पॅकिंग, सगळं. सीव्हीत 'आंत्रप्रेन्युअर' लिहिता येईल म्हणे. त्याचं चूक नाही. पण इथे आपण जे काही करतो त्याचं आधीच कुठेतरी काहीतरी करायचं असतं. फेस्ट सर्टिफिकेटसाठी, इंटर्नशिप प्लेसमेंटसाठी, एनएसएसचे तासही मोजून. एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून करायला काय हरकत आहे? विकायला लागले की लोक सांगतील ते नाव आणि सांगतील ती कार्टूनं. मला माझ्या माणसांची नावं लिहायची असतात.

आणि नावांवरूनच खरी गोष्ट सुरू होते.

मी कॉन्व्हेंटची. सिस्टर्सनी पहिलीपासून चार रेघी वहीत कर्सिव्ह घटवून घेतलं. त्यामुळे केकवर 'हॅपी बर्थडे' इंग्रजीत लिहिणं मला पहिल्या दिवसापासून जमलं. कर्सिव्ह म्हणजे हात न उचलता जाणारी एक दोरी, आणि कोनातून निघते तीही दोरीच. मराठीचं मात्र विचारू नका. आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, आणि निबंध म्हणजे गाइडमधून पाठ केलेला पावसाळा. माझं मराठी अक्षर आजही दुसरीतल्या मुलाचं वाटतं. (या लेखाची र्‍हस्व-दीर्घं संपादिकेने तपासली आहेत, तिचे आभार.)

देवनागरी केकवर लिहायला बसलं की कळतं, ती किती वेळा हात उचलायला लावते. काना वेगळा, मात्रा वर, उकार खाली, अनुस्वार अधांतरी. प्रत्येक वेळी हात उचलला की आयसिंगचं एक शेपूट मागे राहतं. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे शिरोरेषा. ती आधी काढली तर अक्षरं तिला लोंबताना आखडतात. शेवटी काढली तर खालचे सगळे सांधे झाकले जातात, पण हात थरथरला तर लपवायला काही उरत नाही. ताटावर बरेच दिवस टूथपेस्ट घालवल्यावर मी शेवटी काढायच्या बाजूची झाले. युक्ती अशी, की टोक केकला घासत न्यायचंच नाही. सुरुवातीला टेकवायचं, मग बोटभर वर उचलायचं, दोरी हवेत ताणत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला अलगद खाली सोडायची. सरळ पडते. मोडी लिहिणारे म्हणे आधी पानभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत जायचे. म्हणजे केकसाठी खरी लिपी मोडी! पण वाचणार कोण?

२०२४ च्या १ जूनला आजीची पंच्याहत्तरी होती. आता १ जून हा तिचा खरा वाढदिवस नाही, हे तुमच्यापैकी निम्म्यांना सांगायची गरज नाही, कारण तुमच्याही आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनलाच असणार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. साल १९४९ तेवढं बरोबर आहे आणि महिना श्रावण होता, एवढं तिला माहीत आहे. पण आधारवर १ जून, म्हणून जेवण १ जूनला. चाळीस माणसं. केक मी करणार हे ठरलेलंच.

मी आजीला विचारलं, "आजी, केकवर काय लिहू?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिही काय लिहायचं ते. सुमन लिहायला सोपं आहे."

मग बराच वेळ काही नाही. मी उठणार तेवढ्यात मान वर न करता म्हणाली, "कृष्णा लिहायला अवघड जात असेल, नाही?"

आजीचं माहेर कराडजवळचं, कृष्णाकाठचं. नदीवरून नाव ठेवलं होतं, कृष्णा. १९६७ मध्ये लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा तिच्या सासूबाईंचं नावही कृष्णाबाईच. सुनेला त्याच नावाने हाक कशी मारणार? म्हणून ताटातल्या तांदळात आजोबांनी अंगठीने 'सुमन' लिहिलं. "मी सातवी पास होते," आजी म्हणाली. "वाचता येत होतं. वाचलं तेव्हा कळलं, आपण आता सुमन." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पुढे म्हणाली, नाव चांगलंच आहे, आजोबा माणूसही चांगला होता. "पण दादा मेला शेवटपर्यंत 'कृष्णे' म्हणायचा." तिचा दादा, म्हणजे बाबांचा मामा, २०२३ च्या दिवाळीआधी गेला. माहेरचं शेवटचं माणूस.

मी घरात सांगितलं, मी 'कृष्णा' लिहिणार. आत्या म्हणाली, "अगं, चाळीस माणसं येणार. आईच्या केकवर भलतंच नाव बघून लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "वन्सं, भलतंच कसं, त्यांचंच आहे." आत्या म्हणाली, "मग दोन्ही लिही." मी म्हटलं, जागा नाही. नऊ इंची केकवर जागा भरपूर असते, पण हे आत्याला माहीत नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि बाबा बोलत नाहीत म्हणजे काय समजायचं हे आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

कामाचं सांगते. माझं सगळं प्रमाण सहा इंची भांड्याचं, ते नऊ इंचीला किती वाढवायचं? दीडपट नाही, सव्वादोन पट, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गात वाढतं. असे दोन थर, एकामागून एक भाजलेले. एकच जाड थर का नाही? कारण उष्णतेला आत पोचायला लागणारा वेळही जाडीच्या वर्गात वाढतो. जाडी दुप्पट केली तर मधला भाग शिजेपर्यंत कडा कोळसा होणार.

खरा शत्रू सोलापूरचा उन्हाळा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि आमच्या स्वयंपाकघराला ३५ अंश म्हणजे थंडावा. म्हणून निम्मं लोणी आणि निम्मं वनस्पती तूप फेटलं. ते जरा जास्त तग धरतं. जिभेवर थोडा लेप राहतो, पण पडलेल्या नावापेक्षा लेप परवडला. आणि नाव लिहायला मी पहाटे साडेचारला उठले. त्या वेळेलाच काय ती हवा थंड असते.

'कृष्णा' म्हणजे बघा: क, त्याच्या पायाशी ऋकार, मग अर्धा ष, त्याला चिकटलेला ण, मग काना. 'सुमन' त्यापुढे खरंच सोपं होतं. दोन नंबरच्या नोझलने मी आधी सगळे उभे दांडे काढले, मग क ची दोन पोटं, ष च्या पोटातली तिरपी रेघ, ऋकाराचा आकडा. शिरोरेषेच्या आधी थांबले, कोन फ्रिजमध्ये ठेवला, हात गार पाण्याखाली धरले. तळहाताच्या उबेने कोनातलं आयसिंग आधी पातळ होतं, हे पुस्तकात नसतं. मागे चाहूल लागली म्हणून बघितलं तर बाबा दारात उभे. केव्हापासून ते माहीत नाही. मी रेघ ओढली. टोक टेकवलं, उचललं, ताणलं, सोडलं. बाबा म्हणाले, "मामा असता तर..." आणि चहा ठेवायला गेले. माझ्या आठवणीत बाबांनी चहा ठेवायची ती पहिलीच वेळ. साखर विसरले होते.

संध्याकाळी केक बाहेर आला. आतेभावाने मोठ्याने वाचलं, "कृष्णा? हे कोण?" आत्याने त्याला चिमटा काढला. आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. चाळीस माणसं टाळ्या वाजवायच्या तयारीत आणि ही बाई काही सुरी उचलेना. वाकून नावावरून बोट फिरवलं, म्हणजे टेकवलं नाही, वरूनच, अक्षर गिरवावं तसं. मग म्हणाली, "ष फोडलायस बरोबर. आमचे गुरुजी 'श' लिहिलं की छडी मारायचे."

मग सुरी घेऊन तिने कडेकडेने केक कापला. नावाला सुरी लावू देईना. चाळीस माणसांना कडेचाच केक पातळ पातळ वाटून पुरवला आणि मधला नावाचा तुकडा स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून दिला. दोन दिवस तो डबा कुणी उघडायचा नाही असा हुकूम होता. आईला दही ठेवायला जागा नव्हती, तरी ती काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी मी हॉस्टेलला निघताना डबा उघडून बघितला. 'ष्णा' होतं, 'कृ' गायब.

"आजी, कुणी खाल्लं?"

"मी," आजी म्हणाली. "माझंच नाव, दुसऱ्या कुणाला कशाला देऊ? रोज एक अक्षर खाणार आहे. तू जा, गाडी चुकेल."